रोल नंबर बावीस

देवाच्या वचनासाठी माणसाने सर्वस्व द्यावं, असं आम्हांला कॉलेजात पाच वर्षं शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांपैकी एकाने ते दिलं. बाकीच्यांनी त्याला निरोपाच्या वेळी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.

घड्याळ चांगलं चालतं, असं नंतर त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, सांगितलं.

आमचं कॉलेज भोपाळला, रायसेन रोडवर, आनंद नगर ओलांडलं की डाव्या हाताला. इथे बायबल आणि ईश्वरविज्ञान शिकवतात आणि पाळक तयार होतात. माझे वडील जवळच्या कारखान्यात फिटर होते. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा दोनदा देऊन झाल्यावर मला देवाचं पाचारण झालं. वर्गात बहुतेकांची अशीच कुठलीतरी परीक्षा देऊन झालेली होती. रणभिसे सर पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकाला विचारत, "यहाँ क्यों आए?" प्रत्येकजण म्हणे, प्रभूने बोलावलं. सर रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत. आम्हांला वाटायचं, आमचं उत्तर लिहून घेतात. पुढे एकदा रजिस्टर हाती लागलं तेव्हा पाहिलं, माझ्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : चौकशी बाकी.

सर मूळचे नगर जिल्ह्यातले. शालिनीकाकूंना कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली म्हणून इकडे आले. काकू नोकरीवर जात आणि सर घरी बसून हिब्रू शिकत, अशी पहिली दोन वर्षं गेली. ज्या लहानशा संस्थेतून त्यांनी प्रमाणपत्र घेतलं होतं ती पुढे बंद पडली. पदवी घ्यायची राहून गेली, कारण कॉलेजात हिब्रू येणारं दुसरं कोणीच नव्हतं आणि कॉलेजात आले त्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातात खडू देण्यात आला. तो सत्तावीस वर्षं हातात राहिला.

दिसायला ते एखाद्या तालुक्याच्या पोस्टातल्या कारकुनासारखे होते. उन्हाळा सोडून वर्षभर एकच तपकिरी हाफ स्वेटर. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसत. आमचे प्राचार्य डॉ. विल्सन लाल यांची प्रार्थना दीर्घ असे. तीत देशाचे नेते, आजारी माणसं, देणगीदार आणि देवाचे गुणधर्म हे सगळे ठरलेल्या क्रमाने येत. त्या वेळी दीडशे मिटलेल्या डोळ्यांमध्ये सरांचे दोन उघडे असत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघू नये असं कुठे लिहिलंय? दाखव." तेव्हापासून मीही डोळे उघडे ठेवू लागलो. पण मी पंख्याकडे बघत असे.

"कुठे लिहिलंय" हा त्यांचा दुसरा आवडता प्रश्न. पहिला होता : "कोण बोलतंय?"

बायबलमधलं कुठलंही वाक्य घ्या. त्याचा अर्थ सांगण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या : कोण बोलतंय, कोणाला, आणि पुढे त्याचं काय झालं. एवढंच त्यांचं शास्त्र. ऐकायला सोपं वाटतं. पण भोपाळच्या निम्म्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर जे टांगलेलं असतं त्यातलं बरंचसं या तीन प्रश्नांत खाली येतं. माणसं पुस्तक उघडतात, गोड ओळ दिसली की उचलतात. ती ओळ सैतान बोलतोय की देव, हे बघायला मागचं पान उलटावं लागतं.

वर्गात आम्हांला सरावाचं प्रवचन द्यावं लागे. माझ्या वर्गात झाबुआकडचा बाबू डामोर होता. आवाज मोठा, अंगाने दांडगा, चर्च दणाणून सोडायचा. एकदा त्याने सुरुवात केली, "आज सुबह प्रभु ने मुझसे कहा..."

"सुबह कितने बजे?" मागच्या बाकावरून सर.

"जी सर, यही कोई साढ़े छह."

"साढ़े छह बजे हम सब प्रार्थना में थे. तुम नहीं थे."

वर्ग हसला. डामोर खाली बसला. सरांनी त्याला पुन्हा उभं केलं आणि प्रवचन शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दहापैकी तीन मार्क दिले. माया करण्यात ते हात आखडता घेत आणि मार्क देण्यात तर फारच. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्यांच्या वर्गातून रडत बाहेर गेली ती परत आलीच नाही. हल्ली मिसरोदला मुलांची शाळा चालवते आणि सरांचं नाव काढलं की विषय बदलते. तिचं चुकतं असं मला वाटत नाही. सरांना चूक दिसत असे. चूक करणारा माणूस दिसायला त्यांना वेळ लागे.

पण दिसे. डामोरचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा गाडी संध्याकाळची होती. दिवसभर होस्टेलच्या खोलीत रांग लागली. प्रत्येकजण एकेक वचन घेऊन येई, डामोरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणून दाखवी आणि हलका होऊन जाई. डॉ. लाल तीन वचनं म्हणून गेले. सर सकाळी दहाच्या सुमाराला आले, समोरच्या कॉटवर बसले आणि गाडीची वेळ होईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मध्ये एकदा उठून त्यांनी डामोरच्या बॅगेची तुटलेली चेन सेफ्टी पिनेने लावली. पुढच्या आठवड्यात वर्गात ईयोबाचं पुस्तक सुरू झालं तेव्हा म्हणाले, "ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस गप्प बसले. पुस्तकभर त्यांनी तेवढंच काम नीट केलं."

ईयोब हा सरांचा खरा विषय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : ईयोब हा भला माणूस. त्याची मुलं, गुरंढोरं, तब्येत सगळं एकाएकी जातं. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवसांनी तोंड उघडतात ते मिटत नाहीत. तू काहीतरी केलं असशील, शरण जा, पुढे सगळं चांगलं होईल, असं तिघं आळीपाळीने सुंदर भाषेत सांगतात. पुढे अलीहू नावाचा एक तरुण येऊन तेच जास्त लांबवतो. अडतिसाव्या अध्यायात देव बोलायला लागतो. आणि शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात तो मित्रांना सांगतो की मी तुमच्यावर रागावलो आहे, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. म्हणजे मधली ती सगळी सुंदर भाषणं देवाने स्वतः नापास केलेली आहेत. सर दरवर्षी खालच्या वर्गाला हे पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवत. "बेचाळिसावा वाचल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. अर्धवट वाचलंत तर मित्रांचीच बाजू घ्याल," असं म्हणत.

वर्षातून एकदा ते वर्गाला कब्रस्तानात नेत. प्रत्येकाने एक दगड निवडायचा, त्यावरचं वचन उतरवायचं आणि कोण बोलतंय ते शोधायचं. एका थडग्यावर कारखान्याच्या दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांचं नाव होतं आणि खाली, माणूस जिवासाठी आपलं असेल नसेल ते देतो, अशा अर्थाची ओळ. डॉक्टरच्या दगडावर शोभते. मी शोधलं तर ईयोबाच्या दुसऱ्या अध्यायात सापडली. बोलणारा सैतान. मला हसू आवरेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. दगडावरची वाळलेली पानं हाताने बाजूला केली आणि म्हणाले, "आढाव, त्यांच्या घरी जाऊन सांगू नकोस. तिथे माणूस गेलाय."

मग कॉलेजाची नवी इमारत झाली. तळमजल्यावर सभागृह, वर ग्रंथालय, दर्शनी भागात संगमरवरी कोनशिला. तीवर उद्‌घाटनाची तारीख, प्रमुख पाहुण्यांचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात डॉ. लालांचं नाव आणि सगळ्यांत वर एक वचन : तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं. दुकानांच्या आणि बंगल्यांच्या उद्‌घाटनाला हे वचन फार चालतं. ईयोब, आठवा अध्याय, सातवी ओळ. बोलणारा बिल्दद, तीन मित्रांपैकी दुसरा.

डॉ. लाल हे सरांचे विद्यार्थी. ईयोब त्यांनीही सरांच्याच वर्गात केला होता. डॉक्टरेट मात्र त्यांना बाहेरून आली, कुरिअरने. कार्यक्रमात भारदस्तपणा यावा म्हणून त्यांनीच सुचवलं की कोनशिलेवरचं वचन मूळ भाषेत वाचलं जावं. हिब्रू येणारा माणूस एकच होता.

सर माइकपुढे गेले. स्वेटर काढून ठेवलेला, गळ्यात काकूंनी बांधून दिलेला टाय. हिब्रूत ओळ वाचली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग पुस्तकाची बरीच पानं उलटून त्यांनी आणखी एक ओळ वाचली, तीही हिब्रूत. मागून कुणीतरी जोरात "आमेन" म्हटलं, डामोर असावा. सर थांबले, चष्मा सारखा केला आणि हिंदीत म्हणाले, "पहली पंक्ति बिलदद की है. दूसरी परमेश्वर की. दूसरी में परमेश्वर कहते हैं कि बिलदद ने ठीक नहीं कहा. धन्यवाद." आणि जागेवर येऊन बसले.

टाळ्या झाल्या. वाचन झालं की टाळ्या वाजवायच्या असतात. पहिल्या रांगेतल्या तीन-चार माणसांनी वाजवल्या नाहीत, त्यांत डॉ. लाल होते.

मला अजूनही खात्रीने वाटतं की सरांना कुणाचा अपमान करायचा नव्हता. त्यांना वाचायला सांगितलं होतं, त्यांनी पूर्ण वाचलं. हिशेबी माणूस पहिल्या ओळीला थांबला असता. चहाच्या वेळी डॉ. लाल त्यांच्याजवळ आले आणि हसत म्हणाले, "सर, आप भी ना." सर म्हणाले, "विल्सन, पत्थर वाले को बोलो, नीचे बिलदद का नाम डाल दे. जगह है." खरोखर जागा होती. मी नंतर जाऊन पाहिली.

त्याच वर्षी कॉलेजाने एका विद्यापीठाच्या मान्यतेसाठी अर्ज केला. मान्यतेच्या नियमांत होतं की पदवी नसलेल्याला शिकवता येणार नाही. डॉ. लाल म्हणत, नियम मी केलेले नाहीत. हे खरं होतं. आणखी दोघांकडे पदवी नव्हती, पण एक संगीत शिकवत आणि एक इंग्रजी, त्यांना नियमातून वगळता आलं. सरांसाठी तोडगा निघाला : त्यांनी आमच्याच कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला नाव घालावं आणि परीक्षा द्यावी. पास झाले तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं शिकवतील. नाहीतर नाही.

मी तेव्हा त्याच वर्गात होतो. एकवीस मुलं होती. सर बावीस.

दहा ते अकरा ते खालच्या वर्गाला ईयोब शिकवत. अकराला खडू खाली ठेवून, हात झटकून वरच्या मजल्यावर येत आणि शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसत. शेवटच्या वर्षालाही ईयोब होता आणि तो डॉ. लाल स्वतः शिकवत. ते आत आले की सर आमच्याबरोबर उभे राहत. आम्हांला लाज वाटे. सरांना वाटताना दिसली नाही. हजेरीत डॉ. लाल "ट्वेंटी टू" म्हणत आणि वर बघत नसत. सर "हजर" म्हणत. वर्षभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वहीत लिहीत मात्र असत. एकदा मी वाकून पाहिलं. डॉ. लालांच्या प्रत्येक वाक्यापुढे कंसात बोलणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं : अलीफज, अलीफज, बिल्दद, लाल, लाल, सोफर.

शेवटच्या वर्षाची परीक्षा इतर वर्गांच्या आधी होई; तीत एकूण शंभर मार्कांचे पाच प्रश्न होते. पहिला सक्तीचा. ईयोब आठवा अध्याय, सातवी ओळ छापून खाली लिहिलं होतं : या वचनातलं देवाचं अभिवचन स्पष्ट करा आणि आपल्या संस्थेच्या वाटचालीला ते लावून दाखवा.

मी शेजारी पाहिलं. सरांनी प्रश्न वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग दोन ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. त्या दोन ओळी मला तिरक्या नजरेनेही वाचता आल्या : हे अभिवचन देवाचं नाही, बिल्ददाचं आहे. त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग उरत नाही.

मी चार पानं लिहिली.

निकाल लागला. सरांना पहिल्या प्रश्नाला शून्य, बाकीच्या चारांना मिळून सत्तेचाळीस. पास व्हायला पन्नास लागत. डॉ. लालांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू होता, टेबलावर कोनशिलेचा फोटो फ्रेम करून ठेवलेला. त्यांनी एक कोरी पुरवणी पुढे सरकवली. "आढाव, तुम उनकी भाषा के हो. समझाओ. आधा पन्ना लिख दें, सोमवार तक. मुझे तीन नंबर देने हैं, मैं तो देने को बैठा हूँ. बस प्रॉमिस को प्रॉमिस लिख दें." आणि मग, थोड्या खालच्या आवाजात, "मेरे भी टीचर हैं यार."

ते खोटं बोलत नव्हते. हीच त्या माणसाची अडचण होती. त्यांना दोन्ही हवं होतं.

मी शनिवारी दुपारी सरांच्या क्वार्टरवर गेलो. दाराशीच म्हटलं, "सलाम सर." सर पलंगावर बसून काकूंचे दवाखान्यातले पांढरे बूट पॉलिश करत होते. माझ्या हातातला कागद पाहून म्हणाले, "विल्सनने पाठवलं?"

"हो सर. अर्धं पान लिहायचंय. ते म्हणाले, कसंही लिहा, फक्त देवाचं अभिवचन म्हणा."

"कोण बोलतंय ते न लिहिता?"

"हो."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "लिहून टाका हो. अर्ध्या पानाने काय होतंय? मार्चमध्ये मी रिटायर होतेय. तुम्हीही घरी बसलात तर दिवसभर माझ्या चुका काढाल."

"शालिनी, ताप नसताना तू कुणाच्या कागदावर ताप लिहिलास का कधी?"

"लिहिलाय की. तुमच्याच. नगरला लग्नाला जायला रजा पाहिजे होती तेव्हा."

"तो वेगळा कागद होता," असं म्हणून सरांनी दुसरा बूट घेतला.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातात कप देत त्या मला म्हणाल्या, पण ऐकवायचं होतं दुसऱ्यालाच, "सत्तावीस वर्षं हेच चाललंय, आढाव. मुलांना तीन मार्क देतात. आता स्वतःला तीन हवेत तर ते घ्यायलाही हात पुढे होत नाही." त्या पुन्हा आत गेल्या.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, "सर, कब्रस्तानात त्या डॉक्टरांच्या दगडाचं तुम्हीच म्हणालात, घरी सांगू नकोस. तिथे तर सैतान होता. इथे नुसता बिल्दद आहे."

"तिथे माणूस गेला होता," सर म्हणाले. "दुःखात हाताला लागेल ते धरतात. कॉलेजाचं कोण गेलंय?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तू काय लिहिलंस पहिल्या प्रश्नाला?"

"चार पानं."

"बिल्दद आला का कुठे त्यात?"

"नाही सर."

"किती मिळाले?"

"सतरा."

"वीसपैकी?"

"हो."

"चांगले आहेत," सर म्हणाले. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी पुरवणी मागून घेतली, पेन उघडलं. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. सरांनी वर नाव लिहिलं, रोल नंबर बावीस लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली आणि मधला सगळा कागद कोरा ठेवून परत दिला. "नाव घातलंय. नुसती कोरी नेलीस तर म्हणतील, आढाव गेलाच नव्हता."

सोमवारी मी ती दिली. डॉ. लालांनी दोन्ही बाजू पाहिल्या. मंगळवारी पत्र निघालं.

त्या दिवशी खालच्या वर्गात ईयोबाचा सदतिसावा अध्याय संपला होता. अलीहूचं भाषण तिथे संपतं. पुढच्या तासाला देव बोलायला लागणार होता. पुढचा तास झाला नाही.

निरोपसमारंभ नव्या सभागृहात झाला. डॉ. लालांनी भाषणात सरांच्या साध्या सुरुवातीचा उल्लेख केला, एक प्रमाणपत्र, एक खडू, आणि मग, मला वाटतं सवयीने, तेच वचन म्हटलं : सुरुवात लहान, शेवट मोठा. सभागृहात एक बारीकशी हालचाल झाली. डॉ. लालांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते लगेच प्रार्थनेकडे वळले. प्रार्थना दीर्घ झाली. सर डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर समजलं असतं. ते सरावाचं प्रवचन ऐकताना बघत तसे बघत होते.

मग त्यांना बोलायला सांगितलं. ते माइकजवळ गेले नाहीत, जागेवरूनच उभे राहिले. "नीचे की क्लास सैंतीसवें अध्याय तक आई है. आगे का कोई पढ़वा दे. बयालीसवें तक." एवढं म्हणून बसले. शाल घालून घ्यायला त्यांना पुन्हा उठावं लागलं.

पदवी मिळाल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. शिकवायला पदवी लागते आणि माझ्याकडे होती. डामोर झाबुआला परत गेला. तो निघताना मला एवढंच म्हणाला, "पढ़वा देना यार." मी म्हटलं, बघतो.

क्वार्टर सोडल्यावर सर आणि काकू अशोका गार्डनला रेल्वेलाइनलगतच्या दोन खोल्यांत राहायला गेले. मी वर्षातून एकदोनदा जाई. गाडी जाऊ लागली की बोलणं थांबवावं लागे, आणि मला गाड्यांचं बरं वाटे. काकू घड्याळाकडे बोट दाखवून म्हणत, "कॉलेजाचं. मिनिटही चुकत नाही."

गेल्या वर्षी त्यांनी भोपाळ सोडलं. नगरला काकूंच्या भावाकडे जागा होती. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी मी मदतीला गेलो. मदत करण्यासारखं फार नव्हतं. पुस्तकांची सहा खोकी सरांनी आदल्या दिवशीच सुतळीने बांधून, वर आत काय आहे ते लिहून ठेवली होती. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर ते घड्याळ. त्यांच्या शेजारी जेमतेम एका माणसाची जागा होती. सर एक पाय पायरीवर ठेवून थांबले. तोच तपकिरी स्वेटर, खालच्या काठाला उसवलेला.

"आढाव, ती सदतिसाव्यावर थांबलेली मुलं. त्यांचा बेचाळिसावा झाला का?"

ती मुलं केव्हाच पास होऊन गेली होती. काही पाळक झाली आहेत, दर रविवारी बोलतात.

"झाला सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोण बोलतंय, हे ते विचारतील असं मला वाटलं. मागून मालगाडी येत होती. ती जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. ती गेल्यावर ते "बरं" म्हणाले आणि आत बसले. टेम्पो गल्लीतून मागे मागे घेत बाहेर काढावा लागला, त्यामुळे बराच वेळ मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी माझा तास होता. कोनशिला आहे तिथेच आहे, पण तिच्यापुढे आता मुलांसाठी वॉटर कूलर बसवला आहे आणि वचनाच्या जागी त्याची टाकी येते. नवा अभ्यासक्रम डॉ. लालांनी केला, मी टाइप करून दिला. ईयोब त्यात पहिल्या दहा अध्यायांपुरता आहे. आठवा त्यात येतो. परीक्षेला पहिला प्रश्न सक्तीचा असतो आणि मुलं तो चांगला सोडवतात. ईयोबाच्या पेपरात कॉलेजात आजवर एकच विद्यार्थी नापास झालेला आहे.